अंगाबरहुकूम

टेलरच्या दुकानात किस्से चिंध्यांसारखे साठतात; सकाळी झाडून काढा, संध्याकाळी तेवढेच. तिरोड्यातलं दुकान माझं, पण कैची सुखदेवकाकांची. त्यांनी शिवलेला एकही कपडा आजवर आल्टरला परत आला नाही. "आला त त्या दिवशी कैची ठेवून देईन," हे त्यांचं रोजचं वाक्य.

*

एक गुरुजी शर्ट शिवायला आले. त्यांचा डावा खांदा बोटभर उंच भरला. स्कूटरवरून जाताना खांद्यात न् कानात फोन दाबून बोलायची सवय! काकांनी शर्ट तसाच वाकडा शिवला. गुरुजींना तो इतका बसला की त्यांनी आणखी तीन टाकले. हँगरला लटकवले तरी ते शर्ट फोनवर बोलत असल्यासारखे दिसतात.

*

सौंदडच्या एका नव्या जावयाला अंगाला चिकटलेली पँट हवी होती.

"बसशील कसा?" काकांनी विचारलं.

"बसायचं कायले? फोटो उभ्यानंच निघते."

सासुरवाडीला त्याला पाटावर बसा, बसा म्हणून सगळे थकले. जावई रुसला समजून सासऱ्याने बोटात अंगठी घातली. जावई हसला, बसला मात्र नाहीच.

*

नागऱ्याचा नितेश लग्नाचा कोट शिवायला होणाऱ्या बायकोसोबत आला. पडद्याआड माझी बायको तिच्या ब्लाउजचं माप घेत होती, इकडे काका याचं.

"मान वर कर ना, बाबू."

"तिच्याशीच चॅट करून राहिलो, काका."

पडद्याच्या दोन्ही बाजूंना मापं मान खालीच ठेवून झाली. ट्रायललाही तेच. फिटिंग एकदम चोख.

लग्नात नितेश अंतरपाटासमोर ताठ उभा राहिला. कोटाला पाठीवर फुगा आला, पुढे बटणं ताणली. लोक हसू लागले. त्याचे वडील ओरडले, "सुखदेव, उद्याच कोट वापस घेऊन जा!"

काकांचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं.

मग काका उठले, नितेशचा फोन त्याच्या हातात ठेवून म्हणाले, "पाह्य यात." त्याने मान खाली घातली आणि कोट चापूनचोपून बसला. ते पाहून माझी बायको लगबगीने अंतरपाटापलीकडे गेली आणि नवरीलाही फोन देऊन आली.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. दोघं माना खाली घालून एकमेकांना व्हिडिओ कॉलवर बघत होते. कपड्यांवर एक सुरकुती नव्हती.

काकांनी हळूच माझ्या कानात विचारलं, "चार्जिंग किती हाय रे दोघाईची?"