अण्णांची चव

लोणचं चाखताना अण्णा डोळे मिटून घ्यायचे. सायकलवरून बरण्या विकत त्यांनी हा कारखाना उभा केला होता. मी तिथे पाकिटं भरायचे. मीठ चुकलं की ते अख्खं पिंप आमच्यासमोर ओतून द्यायचे. पुढे आजारपणात त्यांची चव गेली. त्यांनी ते लपवलं, पण आम्हाला कळलंच.

एका सकाळी आमच्यातल्या शोभाने मुद्दाम बिनमिठाचं लोणचं पुढे केलं. डोळे मिटून अण्णा म्हणाले, "वा! मीठ अगदी बेताचं."

आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. ज्या जिभेवर आमची घरं चालली, तिची थट्टा करताना कुणालाच जड गेलं नाही.

"आज खुशीत दिसताय सगळ्या," म्हणत अण्णाही हसू लागले.

"आणखी घ्या ना, अण्णा," म्हणत दुसरा चमचा मीच पुढे केला.