गळायचं थांबलं

थोरल्या भावाची जुनी जीप मागून तेल गाळायची. मैंदर्गीहून आईला आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिसला आणायचं ते त्या जीपमधूनच. आणि मी सोलापुरातला मिस्त्री. घरचीच गाडी मला दिसेना, लाज वाटायला हवी होती.

शेवटी एकदा आई मशीनवर असताना गाडी गॅरेजला घेतली. मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा, म्हणजे डिफरन्सल, त्याचं सील गेलं होतं. आतलं तेल काढलं, शाफ्ट उतरवला, नवं सील ठोकून बसवलं. तेल तेवढं घाल म्हणून भावाला सांगितलं होतं, तो पुढं बॉनेट उघडून उभा होता. शाफ्ट चढवतोय तोवर हॉस्पिटलातून फोन आला, आईचं झालंय, या. भावाची घाई सुरू झाली.

मी खालूनच विचारलं, "आण्णा, तेल घातलं का?"

"व्हय, घातलं की."

त्यानं घातलं होतं इंजिनात. मी विचारत होतो डिफरन्सलचं. भोकात बोट घालून तेल लागतंय का बघायचं, एवढंसं काम. वीस वर्षं करतोय. त्या दिवशी नाही केलं. निव्वळ गाढवपणा.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "लई झाक काम केलंस. एक थेंब गळत न्हाय आता." मीपण फुशारलो. रिकाम्यातून काय गळणार, कप्पाळ?

पुढच्या खेपेला अर्ध्या वाटेत मागची चाकं जाम झाली. भर उन्हात आई रस्त्याकडेला बसून राहिली. दुसरी गाडी मिळून पोचेपर्यंत तिचा नंबर दुसऱ्याला गेला होता. संध्याकाळी या म्हणाले. संध्याकाळपर्यंत आईचा श्वास टिकला नाही.

तेरावा झाल्यावर मी डिफरन्सल खोललं. आत तेलाचा टिपूस नव्हता, गिअरचे दाते उष्णतेनं निळे पडलेले. सगळं कळलं. भाऊ शेजारीच उभा होता.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "लई दामटली मी गाडी."

"जुनी गाडी हाय, आण्णा. कवातरी हे व्हायचंच."

जीपच्या नावावर पावती फाडली मी, आईचा तेरावा झाल्या झाल्या. त्यानं जीप भंगारात घातली, पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. आता एसटीनं येतो, गॅरेजात बसतो, चहा घेतो. अजून मला म्हणतो, "तू तर नीट करून दिली हुतीस रं. मलाच संभाळता आली न्हाय."