परतीचं विमान

विश्रांतवाडीत बोलता बोलता मध्येच गप्प बसायची सवय सगळ्यांना आहे. डोक्यावरून विमान निघालं की वाक्य तिथेच ठेवायचं आणि आवाज ओसरला की उचलून पुढे न्यायचं. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, हे लोक आपल्यावर रागावलेत. एकट्या हिराताई ओव्हाळ थांबत नाहीत. त्या आवाज चढवतात. माझं दुकान त्यांच्या ऑफिसला चिकटून, त्यामुळे हवाई दलाच्या विमानावर मात करणारं त्यांचं बोलणं मला रोज ऐकावं लागतं.

मी रहीम शिकलगार. बॅगा विकतो, जुन्या बॅगांची चाकं आणि चेन बदलून देतो. हिराताई बौद्ध कुटुंबांच्या यात्रा नेतात: बोधगया, सारनाथ आणि नागपूरची दीक्षाभूमी. त्यांची यात्रा भरली की माझ्या बॅगा खपतात, असा आमचा शेजारधर्म आहे.

या धंद्यात त्या पडल्या त्या एका पळपुट्या माणसामुळे. नवरा लवकर गेला, मुलं मोठी झाली, म्हणून त्या वस्तीतल्या लोकांबरोबर बोधगयेला गेल्या होत्या. यात्रा नेणारा व्यवस्थापक गया स्टेशनवर सगळ्यांना बसवून जो गेला तो गेलाच. बायका रडायला लागल्या. हिराताईंनी पदर खोचला, स्टेशनमास्तरांच्या डोक्यावर बसून गाडीचा डबा मिळवला आणि सगळ्यांना सुखरूप घरी आणलं. पुढच्या वर्षी लोक त्यांच्याच दारात आले, ‘तूच ने’ म्हणून.

सगळ्या वस्तीला बोधगया दाखवणाऱ्या या बाईची आई मात्र घरातच राहिली. चंद्रभागामावशींचं दर वर्षी काहीतरी निघायचं. आधी नातवंडं, मग गुडघे, आणि गेल्या दिवाळीत मोरीत पडून खुब्याचं हाडच मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रेल्वेचा लांबचा प्रवास विसरा. विमान बदलत, ताटकळत जाणंही नको. सरळ विमान असेल तर चालेल, पण तेही हाड नीट जुळल्यावर, उन्हाळ्यात.

योग असा की त्याच हिवाळ्यात पुण्याहून गयेला सरळ विमान सुरू झालं होतं. मावशींनी दवाखान्यातल्या खाटेवरूनच ठरवलं, “वैशाखी पुनवेला जानार.” हिराताईंनी मान हलवली, आणि त्यांनी मान हलवली म्हणजे विषय संपला.

त्या हिवाळ्यात हिराताईंनी विमान भरभरून माणसं नेली. गुडघेदुखीनं घरी बसलेली म्हातारी माणसं दुपारच्या जेवणाआधी बोधिवृक्षाखाली पोचायला लागली. हिराताईंची छाती फुगली होती. आपण हे विमान चालवतोय असंच त्यांना वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होतं.

मग एका सकाळी श्रीधर आला. तो विमान कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात गटांची तिकिटं बघतो. माणूस चांगला, पण बोलणं अस्सल पेठेतलं. माझ्याकडे बॅगेचं चाक बदलायला टाकून तो हिराताईंसमोर बसला.

“हिराताई, एक विचारू? आपली माणसं तिकडेच चीवर घेऊन भिक्खू होतात का?”

“का हो?”

“जाताना विमान भरलेलं. येताना बघावं तर हिंजवडीत नोकरी करणारी तिकडची चार मुलं आणि बाकी रिकाम्या सीटा. मार्चनंतर विमान बंद होईल असं दिसतंय. तुम्हाला आधी कळावं म्हणून आलो.”

हिराताईंचा चेहरा उतरला. मार्चमध्ये विमान बंद, आणि आई निघणार वैशाखात. त्यांनी विचारलं, “जाणारी माणसं काय कमी आहेत? आमच्या लोकांची श्रद्धा आहे म्हणून तर विमान सुरू केलंत ना?”

“विमान श्रद्धेवर उडत नाही, इंधनावर उडतं,” श्रीधर म्हणाला, आणि मग त्यानं नीट समजावून सांगितलं. हे विमान सुरू झालं ते गयेच्या विमानतळानं आणि तिकडच्या सरकारनं सवलत दिली म्हणून. विमान उतरवायची फी माफ, उभं करायची माफ, इंधनावरचा कर कमी, वर जाहिरातीच्या खर्चात वाटा.

“फुकट? त्यांना काय मिळतं?” मी चाक हातात धरूनच विचारलं.

“विमानतळ कमावतो तो तिथून चढणाऱ्या माणसावर. त्याची फी तिकिटातच घेतलेली असते. शिवाय तो माणूस चहा पितो, गाडी लावतो, पोरासाठी खेळणं घेतो. उतरणारा काय, उतरतो आणि निघून जातो. म्हणून त्यांची अटच आहे, हिवाळाभर तिथून पुरेशी माणसं चढली पाहिजेत. नाही चढली तर सवलत संपली. सवलत संपली की आमची कंपनी दुसऱ्या गावाला विमान नेणार. बोलावणारी गावं कमी नाहीत.”

“आणि आपलं पुणं? पुणं नाही देत सवलत?”

“पुण्यानं कशाला कोणाला बोलवावं? हवाई दलाची धावपट्टी, त्यांच्यातून उरलेल्या वेळा आपल्या. आम्ही ही वेळ सोडली तर दुसरी कंपनी दारात उभीच आहे.”

भाजीवाल्यानं नव्या गिऱ्हाइकाला कोथिंबीर फुकट द्यावी, तशातलाच हा प्रकार. मला रागच आला. इतकी वर्षं मी या गाळ्याचं भाडं भरतोय, मला कोणी कोथिंबिरीची काडी दिली नाही. पण माझा राग ऐकायला हिराताईंचं लक्ष कुठे होतं! त्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होत्या.

“परतीचं विमान मीच रिकामं ठेवलंय,” त्या म्हणाल्या.

खरंच होतं ते. त्यांची यात्रा पहिल्यापासून एकाच वाटेनं चाले. आधी बोधगया, मग सारनाथ, आणि शेवटी रेल्वेनं नागपूर. दीक्षाभूमीवर माथा टेकला, घरासाठी फोटो आणि पुस्तकं घेतली, की तिथून पुणं. विमान आलं तेव्हा त्यांनी फक्त जाणं बदललं; येणं होतं तसंच राहिलं. ज्यांना दोन्हीकडून विमान परवडत होतं तेसुद्धा रेल्वेनंच परतत. दीक्षाभूमी टाकून घरी यायचं ही कल्पनाच कोणाला सहन होत नसे. एका गटाला हिराताईंनी विचारून बघितलं, तर एक बाई म्हणाली, “नागपूर न करता यायचं तर गेलोच कशाला?”

दोन दिवस हिराताई माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “रहीमभाई, यात्रा उलटी फिरवते. रेल्वेनं आधी नागपूर, मग सारनाथ, मग बोधगया, आणि तिथून विमानानं घरी. ज्यांना रेल्वे झेपत नाही ते जातानाही विमानानं, येतानाही विमानानं. त्यांनी नागपूर वेगळं करायचं, आपल्या सोयीनं.”

“लोक ऐकतील?”

“ऐकवते.”

रविवारी सकाळी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी विषय काढला. मावशींना वॉकरसकट रिक्षातून मीच आणलं होतं, म्हणून दाराशी बसलो होतो. हिराताईंनी विमानतळ, सवलत, रिकाम्या सीटा, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ऐकता ऐकता पहिल्या रांगेतले धोंडिबा उठले. विहाराच्या समितीतला हा सगळ्यात जुना माणूस. महिन्यापूर्वीच विमानानं बोधगयेला जाऊन आला होता आणि खिडकीतून ढग कसे दिसतात हे वस्तीभर सांगत होता.

“हिरा, शेवट नागपूरलाच हुनार,” ते म्हणाले. “तितं पोचलो की घरी पोचल्यावानी वाटतं. तुज्या कंपनीच्या सवलतीपायी आमी यात्रा उलटी करायची? उद्या कंपनी म्हनली उलटं चाला, तर उलटं चालायचं?”

लोक हसले. हिराताई नाही हसल्या.

“विमान माझं नाही, दादा. तुमच्या गुडघ्यांचं आहे. माझ्या आईचं आहे. बंद पडलं तर ती जायची राहील, आणि तिच्यासारख्या घरोघरी आहेत.”

“ते समदं खरं. पर रीत हाय ती हाय.”

मला वाटलं, झालं, संपलं. तेवढ्यात खुर्चीतून मावशींचा आवाज आला.

“धोंडिबा, तू बुद्धाकडं कुटल्या वाटंनं गेलास रं?”

“म्हंजे? विमानानं.”

“ते न्हाई इचारत. आपुन समदी कुटल्या वाटंनं गेलो? माजा बाप मांजरी गावात उसाच्या फडात राबायचा. नागपूरला निगाला तवा बुद्ध कोन, कुटला, त्याला काय बी ठाव न्हवतं. बाबासायबांनी बोलावलं म्हनून गेला. मी त्याच्या खांद्यावर, दोनी कान धरून बसलेली. समदीकडं पांढरी कापडं, येवडंच ध्यानात हाय. आदी नागपूर झालं, मग बुद्ध कळला. आपली वाट तितनंच सुरू झाली. तुमीच ती शेवटाला न्हेऊन बांदली.”

मावशी दम घेऊन म्हणाल्या, “माजं नागपूर बापाच्या खांद्यावर झालंय. पुडचं ऱ्हायलंय.”

धोंडिबांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, “हिरा, पयल्या गटात माजं नाव घाल.”

“दादा, तुम्ही आत्ताच जाऊन आलात.”

“उलटा गेलो हुतो,” ते म्हणाले आणि खाली बसले.

यापुढचे दोन महिने हिराताईंच्या नाकी नऊ आले. सगळं बदलायचं होतं: गाड्या, धर्मशाळा, जेवणं. कर्वेनगरच्या एका मोठ्या गटानं नागपूर शेवटीच हवं म्हणून दुसरा यात्रावाला धरला. हिराताई म्हणाल्या, “जाऊ दे,” आणि तेवढी माणसं येरवडा, दापोडी, खडकी असं घरोघरी फिरून गोळा केली. उलट्या यात्रेत नवी अडचण होती ती वेळेची. रेल्वेला उशीर झाला तर कोणी ओरडत नाही, पण विमान कोणासाठी थांबत नाही. धोंडिबांच्याच गटाची बस सारनाथहून येताना दाट धुक्यात अडकली. हिराताईंनी बसमधून श्रीधरला फोन लावला.

“श्रीधर, विमान थोडं थांबवा.”

“हिराताई, ही पीएमटीची बस नाही.”

पण ज्या धुक्यानं बस अडवली त्यानंच विमानालाही उतरू दिलं नव्हतं. सगळे वेळेत पोचले. दुसरी कोणी असती तर नशिबाचे आभार मानून मोकळी झाली असती. हिराताईंनी पुढच्या प्रत्येक यात्रेत बोधगयेचा मुक्काम एका दिवसानं वाढवला. नशिबावर यात्रा चालत नाही, एवढंच म्हणाल्या.

मार्चमध्ये श्रीधर पुन्हा आला. या वेळी बॅग नव्हती. हिराताई त्याच्याकडे बघत राहिल्या, बसा म्हणायचंही विसरल्या.

“सवलत चालू राहतेय,” तो म्हणाला. “होळीनंतर तिकडची कामगार मंडळीही बरीच पुण्याला परतली, सगळंच श्रेय तुम्हाला देता येणार नाही. पण तुमच्या गटांनी हिवाळा तारला.”

“किती दिवस चालू?”

“उन्हाळी वेळापत्रकापुरती, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत. पुढे परत बघतील, तिथून किती चढतात ते.”

“म्हणजे परत भरायचं.”

“परत भरायचं.”

हिराताईंनी मान हलवली. मग आत गेल्या आणि चहा ठेवला. मला भिंतीपलीकडून त्यांच्या नाक ओढण्याचा आवाज आला, पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर धूर गेला म्हणाल्या असत्या, आणि शेगडी गॅसची होती.

वैशाखी पौर्णिमेला मायलेकी बोधगयेत होत्या. मावशींना मी निघताना हलकी बॅग दिली होती, चार चाकांची, आपोआप सरकणारी. परतीच्या दिवशी लोहगाव विमानतळावर त्यांना घ्यायला गेलो. मावशी चाकाच्या खुर्चीत बसून बाहेर आल्या, पांढऱ्या साडीत, बॅग मांडीवर घट्ट धरलेली. खाली ठेवली की पळते, अशी तक्रार त्यांनी आधी केली.

“कसं झालं, मावशी?”

“बसले झाडाखाली. लई बरं वाटलं.” त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “नागपूरपतुर बापानं न्हेलं. पुडं लेकीनं.”

माझे डोळे भरून आले. हे ऐकायला लेक जवळ हवी होती, तर ती कुठे दिसेना. वळून बघतो तर हिराताई अजून दाराशीच उभ्या, आतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मान उंच करून बघत. मी जवळ गेलो तशा म्हणाल्या, “बघा, अजून येतायत. विमान भरलेलं होतं, रहीमभाई.”

मी त्यांना आई काय म्हणाली ते सांगितलं.

त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी धावपट्टीवरून एक विमान उठलं. हिराताईंनी आवाज चढवला नाही. ओठ घट्ट मिटून, आईच्या पाठमोऱ्या खुर्चीकडे बघत त्या उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत विमानासाठी थांबलेल्या मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

आवाज ओसरला. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

“पावसाळ्यात वर्षावास लागतो,” त्या म्हणाल्या. “विहारात ग्रंथवाचन असतं, तीन महिने कोणी गाव सोडत नाही. तेव्हा परतीचं विमान कसं भरायचं, ते आत्तापासूनच बघायला हवं.”