सुपारीतला गणपती

उत्तरपूजेच्या वेळी गुरुजींनी विड्याच्या पानावरच्या सुपारीवर चिमूटभर अक्षता टाकल्या आणि ती बोटभर बाजूला सरकवली. झालं. तासाभरापूर्वी आम्ही जिला गणपती म्हणून हात जोडले होते, ती पुन्हा नुसती सुपारी झाली. मोबाइल बघत गुरुजी म्हणाले, "आता आवरून घ्या, वहिनी."

मी आवरायला लागले. कंबर सकाळपासून दुखत होती. मनात आलं, गुरुजींच्या पिशवीतली ही सुपारी आजवर किती घरांत देव झाली असेल आणि किती वेळा उतरली असेल! चार तांदळांनी देवपण येतं, चार तांदळांनी जातं. सोय चांगली आहे.

माझ्या लेकीचं मंगळसूत्र वर्षभर माझ्या कपाटात पडून आहे. घटस्फोट झाला त्या दिवशी तिनेच ते माझ्या हातात दिलं. "मोडून टाक गं आई, तुला बांगड्या कर," असं ती अधूनमधून म्हणते. तिच्या लेखी ते केव्हाच नुसतं सोनं झालंय. मी मात्र दोनदा सोनाराच्या दारातून परत आले.

ताम्हनात थोड्या अक्षता उरल्या होत्या. अशाच अक्षता तिच्या डोक्यावर टाकताना मी रडले होते. आसपास कोणी नाही असं बघून मी कपाट उघडलं, चिमूटभर अक्षता मंगळसूत्रावर टाकल्या आणि ते बोटभर बाजूला सरकवलं.

 मग ते हातात घेऊन खाली बसले आणि काळ्या मण्यांत अडकलेला एकेक तांदूळ वेचत राहिले.