कानवाल्यांची जीप

चार माणसं दोन-तीन वर्षं एकाच जीपमध्ये फिरली की किस्से आपोआप साठतात. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागे दुसरा उभाच असतो. आमचे तर सगळे कानाचेच!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या लहान मुलांचे कान इतके का फुटतात आणि ते थांबवायचं कसं, हे शोधायला एका मेडिकल कॉलेजचा सर्व्हे निघाला होता. टीममध्ये पुण्याकडचे कान-नाक-घशाचे डॉक्टर, त्यांना आम्ही ‘सर’ म्हणायचो. ब्रह्मपुरीकडच्या रामटेके सिस्टर. ड्रायव्हर बब्बूभाऊ. आणि फॉर्म भरणारा मी, मूल गावचा. गावात शिरलो की लोक म्हणायचे, “कानवाल्यांची जीप आली!”

*

पहिलंच गाव. सरांनी फॉर्ममध्ये मोठा छान प्रश्न घातला होता: ‘मुलास कानाचा आजार आहे काय?’

एकामागून एक आया सांगत गेल्या, “नाई.” मी ‘नाही’ लिहीत गेलो. सर खूश. गाव निरोगी दिसतंय!

मग सरांनी बॅटरी लावून एका पोरीच्या कानात पाहिलं. कान पुवानं भरलेला. “अहो, हिचा कान तर वाहतोय!”

“वाह्यते ना,” तिची आई म्हणाली. “साऱ्याच लेकरायचा वाह्यते. पन आजार नाई हो तिले काई!”

सिस्टरनी तिथंच प्रश्न बदलला. “सकाळी लेकराच्या डोक्याखालचं फडकं वास मारते का?”

भराभर हात वर झाले. सकाळपासून लिहिलेले सगळे ‘नाही’ मला खोडावे लागले.

*

एका गावात रांगेत एक म्हातारी येऊन बसली. केस पांढरे, काठी हातात.

सिस्टर तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “आजी, हा सर्व्हे लहान लेकरांचा आहे!”

“मंग?” म्हातारी म्हणाली. “मले लहानपनापासूनच हाये!”

सरांनी तपासली. नंतर मला म्हणाले, “साठ वर्षं उशीर झालाय आपल्याला.”

*

आता बब्बूभाऊंचा. जीपमध्ये सर पुढे, बब्बूभाऊंच्या डाव्या हाताला बसायचे. रस्ताभर सर बोलायचे. धूर, सर्दी, तलावाचं पाणी, कशानं काय होतं याच्या सगळ्या थिअऱ्या. बब्बूभाऊ मान हलवायचे, “हो साहेब.” सर आम्हाला सांगायचे, “या माणसाला कळतं सगळं!”

एकदा वैनगंगेवर नावेची वाट पाहत थांबलो होतो. वेळ जात नव्हता. सरांनी गमतीनं बब्बूभाऊंच्या डाव्या कानात बॅटरी मारली, आणि सरांचा चेहराच बदलला. पडद्याला हे एवढं भोक!

“बब्बूभाऊ, या कानानं ऐकू येतं?”

बब्बूभाऊंनी उजवा कान पुढे केला. “काय म्हन्ता साहेब?”

सहा महिन्यांच्या थिअऱ्या नदीत!

पण बब्बूभाऊ हसले नाहीत. हात जोडून म्हणाले, “साहेब, रिपोर्ट नका करू. लहानपनी फुटला. शाळेत मास्तर हाका मारे, मले ऐकू नाई ये. लय मार खाल्ला अन् शाळा सोडली. आता नोकरी नका जाऊ देऊ.”

सरांनी उजवा कान नीट तपासला. तो ठणठणीत होता. मग त्यांनी बॅटरी खिशात ठेवली. “आपण फक्त लहान मुलांचे कान तपासतो, बब्बूभाऊ.”

त्या दिवसापासून सर मागे, बब्बूभाऊंच्या उजव्या कानाकडच्या खिडकीशी बसायला लागले. दोन दिवसांनी बब्बूभाऊ मला हळूच म्हणाले, “भाऊ, हे साहेब रोजच इतके बोलत होते का?”

*

तलावाच्या पाण्याची थिअरीही एका आजोबांनी बुडवली. मांडीवरचं नातवंड पुढे करून म्हणाले, “साहेब, हे आठ महिन्याचं पोट्टं तलावात कवा गेलं?”

मग सरांचं लक्ष बाळांना पाजण्याकडे गेलं. सिस्टर बायकांना समजावू लागल्या. आडवं निजवून पाजू नका, दूध घशातून कानाकडे जातं, डोकं वर धरून बसून पाजा.

रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. एक बाई चिखलाच्या पायांनीच आली होती. ती म्हणाली, “बाई, दिवसभर बांधीत वाकून रोवना केला. लेकराले पाजतो तेवढाच मी लवंडतो. ते बी बसून करू?”

सिस्टरनी ओसरीतलं धानाचं पोतं ओढून भिंतीशी लावलं, तिला त्याला टेकवलं, बाळाचं डोकं तिच्या कोपरावर ठेवलं. बाळ पिऊ लागलं. थोड्या वेळानं पाहतो तर बाई बसल्याबसल्या झोपलेली!

सर कुजबुजले, “कारणांच्या रकान्यात लिहा: आईची पाठ.”

फॉर्मात तसा रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.

*

धानोऱ्याकडच्या एका गावात सातेक वर्षांची पोरगी समोर आली. मी नाव विचारलं. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. रांगेतल्या बायका म्हणाल्या, “मुकी! मुकीच लिवा.” आई मोहफुलं वेचायला गेली होती. मी लिहिलं: मुकी, वय सात.

दोन्ही कान वाहत होते. सिस्टर तिची आई परत येईपर्यंत थांबल्या. कापसाची वात करून कान कसा कोरडा करायचा, औषध कसं घालायचं, तेल का घालायचं नाही, सगळं शिकवलं. खरं नाव मात्र मी तेव्हाही विचारलं नाही.

त्या माऊलीनं महिनोन् महिने दिवसातून तीनदा वात केली. थंडीपर्यंत कान कोरडे झाले. सरांनी मास्तरांना सांगून पोरीला शाळेत पुढे बसवलं.

पुढच्या वर्षी आम्ही शेवटच्या तपासणीला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात मुलं रांगेनं बसलेली. मी रजिस्टरमधून एकेक नाव पुकारत होतो.

“मुकी!”

कोणी उठलं नाही.

“मुकी कोण आहे? मुकी!”

पुढच्या ओळीतून एक पोरगी उठली. सरळ माझ्या टेबलाशी आली आणि रजिस्टरवर बोट ठेवलं.

“हे खोडा.”

मी खोडलं. “काय लिहू?”

“शकुंतला.”

मी लिहिलं. नाव पूर्ण लिहून होईपर्यंत ती उभी राहिली. मग परत जाऊन आपल्या जागेवर मांडी घालून बसली आणि तिथूनच म्हणाली, “हं, आता बोलवा!”