भूपाल मिस्त्रीची जिवाणी

निपाणीकडच्या भूपाल मिस्त्रीनं जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता, आणि बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या साहेबांच्या मेसमधला बिअरचा पंप त्याच्यावाचून चालत नव्हता. आता बोला! तळघरात पिंप, पिंपातून वर नळी, वर दांडा. दांडा ओढला की ग्लासात बिअर. जैनाच्या घरात जन्मून हे काम कसं, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "मी पंपाचा मिस्त्री. आतनं काय जातंय ते पंपालाच इचारा."

चव न घेता त्याला सगळं कळायचं. नुसताच फेस आला, तर पिंप तापलंय, ओलं पोतं गुंडाळा. बिअर गढूळ आली, तर लोंढा जंक्शनाहून येताना रेल्वेत हिंदकळलंय, तीन दिवस हात लावू नका. दांडा सुस्कारे टाकतोय, तर आतलं कातडं वाळलं. आणि आंबूस वास आला, तर नळीला आतनं शेवाळ धरलं. म्हणून दर गुरुवारी तो नळी धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यानं धुवायचा. अकरा वर्षं हे चाललं. रोज दिवस मावळायच्या आत तो घरी यायचा आणि बायको, धोंडूबाई, परसदारी बादली घेऊन उभी असायची. त्या वासासकट ती त्याला उंबऱ्याच्या आत घेत नसे.

मग फौजेच्या डॉक्टराला कुठून अवदसा आठवली कोण जाणे. त्यानं नळीतलं शेवाळ भिंगाच्या यंत्राखाली ठेवून मोठ्या कौतुकानं भूपालला दाखवलं. म्हणाला, "बघ मिस्त्री, सगळं जिवंत आहे."

भूपालच्या पायाखालची जमीनच सरकली. पाणीसुद्धा फडक्यानं गाळून पिणारा माणूस, आणि गुरुवारच्या गुरुवारी त्यानं लाखो जीव उकळून मारले होते. त्या दिवशी तो भरल्या ताटावरनं उठला. "नोकरी सोडतो," म्हणाला.

"सोडून खायचं काय?" धोंडूबाई म्हणाली. "आपण पाणी गाळतो तवा फडक्यातल्या जीवांचं काय करतो?"

"जिवाणी. ज्या हिरीचं पाणी, त्याच हिरीत परत सोडतो."

"मग तसंच करा की. डोस्कं हाय का खोकं?"

पुढच्या गुरुवारी त्यानं सोड्याला हात लावला नाही. दोरीला मऊ फडकं बांधून नळी पुसली, शेवाळ अलगद गोळा केलं, आणि जिथलं तिथं म्हणून बिअरच्या पिंपात सोडलं. जीव बाहेर पडू नयेत म्हणून वर बूच घट्ट ठोकलं.

शनिवारी मेसमध्ये मोठे पाहुणे होते. ते वर जेवायला बसले तोवर जीव खाली पोटभर जेवून फुगले होते. तळघरात पिंपाचा बार उडाला, साहेब लोक टेबलाखाली शिरले, आणि फेस पायऱ्या चढून जेवणघरात आला. खोटं बोलायची सवय नसल्यानं भूपालनं मेजरला सगळं सांगून टाकलं.

मेजरनं अंगावरचा फेस पुसला. मग म्हणाला, "सोड्यानं धू, नाहीतर घरी जा."

"घरी जातो साहेब. पर ह्यास्नी संगं नेतो."

आणि तो तांब्याभर शेवाळ घेऊन परसदारी उभा राहिला. नोकरी गेली होती, हातात दारूचा वास मारणारा तांब्या होता, आणि आता ही काय म्हणेल याची त्याला खरंच भीती वाटत होती. धोंडूबाईनं तांब्यात वाकून पाहिलं.

"खात्यात काय?"

"गोड."

तिनं मडक्यात गूळ कालवला.

महिन्याभरात मेसनं दोन मिस्त्री बदलले तरी बिअर आंबटढाणच. शेवटी मेजर स्वतः टांग्यातनं दारात आला. भूपालनं अट घातली, "आठवड्यातनं तीनदा हातानं नळी पुसीन. सोडा न्हाय. आन् जीव घरी न्हेणार." मेजरनं मान डोलावली. दुसरं करतो काय?

तेव्हापासून परसदारी बादली असायची, पण धोंडूबाईचा हात आधी तांब्याकडे जायचा. तिच्या मडक्याचा वास गल्लीभर सुटायचा, लोक नाकं मुरडायचे. ती तांब्या पदराखाली धरून तरातरा आत जायची, आणि भूपाल उंबऱ्याबाहेर तसाच उभा.

"अगं, आन् मी?"

"थांबा की जरा," आतनं आवाज यायचा. "आधी त्यांचं जेवण हू दे."