पांढरा प्लग

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसलेला असायचो, तेव्हा एकदा ओठांवर आलं आणि गिळलं. आता माझ्या हातून नटावर पाना बसत नाही. आणि ज्याच्यापासून हे लपवायचं होतं, तो मागच्या महिन्यात गेला. मग आता कशाला, असं तुम्ही विचाराल. विचारा.

आर्णीत माझं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. लोक मला मिस्त्री म्हणत. देविदास राठोड माझा तरुणपणापासूनचा मित्र. एसटीत ड्रायव्हर होता, रिटायर झाल्यावर आपल्या बंजारा तांड्यावर शेती पाहायचा. लग्नानंतर लगेच घेतलेली त्याची टू-स्ट्रोक मोटरसायकल त्याने कधी विकली नाही. त्याची बायको, शेवंतावहिनी, त्या गाडीला आपली सवत म्हणायच्या. पण सवतीचं खाणंपिणं त्याच पाहायच्या. असल्या गाडीच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं — कमी पडलं तर इंजिन जाम होतं, जास्त झालं तर धूर ओकतं. देविदास पेट्रोलचा डबा धरायचा आणि वहिनी मापाने तेल ओतायच्या. माप डोळ्यांसमोर धरून, एक डोळा बारीक करून. ते मी कितीदा पाहिलं असेल.

वहिनींचं माहेर पुसदकडचा घाट चढून गेल्यावर, एका तांड्यावर. श्रावणात तिथे तीज असते — पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. दरवर्षी दोघं गाडीवरच जायचे. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षीच्या तिजेला गाडीने घाटात दम टाकला. वहिनींना उतरून चालावं लागलं. नव्या गाड्यांवरची पोरं बाजूने हसत गेली. वहिनीही हसल्या म्हणे — तुमची लाडकी बुढी झाली, आता मलाच तिला उचलून न्यावं लागते.

देविदासला ते लागलं. चहाच्या टपरीवर त्याने मला सगळ्यांसमोर विचारलं, मिस्त्री, हिची ताकद वाढन का? आणि मी — का बोललो मी तसं? — म्हणालो, वाढन म्हणजे? त्या पोरांच्या नव्या गाड्या मागं ठेवीन. टपरी हसली. कुणीतरी म्हणालं, मिस्त्री, आधी सोताची ताकद वाढव.

तो टोला मी मनात ठेवला. हे आधीच सांगून ठेवतो.

काम मी जीव ओतून केलं, हेही खरं. इंजिनचं हेड लेथवर घासून घेतलं, म्हणजे आतला दाब वाढतो. सिलिंडरमधल्या हवेच्या वाटा कानशीने मोठ्या केल्या. आवाजच बदलला गाडीचा. पण श्वास मोठा झाला की पेट्रोलही जास्त लागतं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं एक बारीक पितळी तोंड असतं, त्याला जेट म्हणतात. ते मोठ्या भोकाचं हवं होतं. इतक्या जुन्या गाडीचं जेट आर्णीत कुठलं मिळायला? नागपूरला सांगून ठेवलं होतं. आलं नव्हतं.

तीज तोंडावर आली. मी जुनंच जेट लावलं आणि गाडी दारव्हा रोडवर पळवून आणली. काय पळाली ती. टपरीवरून मुद्दाम गेलो. परत येऊन इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढला आणि पाहिला.

पांढरा होता.

तुम्हाला त्याचा अर्थ कळणार नाही, मला कळत होता. प्लग विटकरी असला की इंजिन सुखात आहे. पांढरा म्हणजे पेट्रोल अपुरं, आत भट्टी पेटली आहे. गावातल्या गावात काही होणार नाही. पण घाटात, दोघं बसलेले, अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळलेली — पिस्टन तापून फुगेल आणि सिलिंडरमध्ये घट्ट बसेल. मागचं चाक जागीच थांबेल. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. मी प्लग पुसला आणि परत बसवला.

देविदासला फक्त एवढं म्हणायचं होतं, या वर्षी एसटीने जा. एवढंच. पण टपरीवर सगळ्यांना सांगून झालं होतं. मी म्हणालो, घेऊन जा राजा, विमान आहे.

तो सकाळी निघाला. वहिनी नवं लुगडं नेसून, माहेरच्या पोरींसाठी बांगड्या बांधून घेत होत्या. उशीर होत होता म्हणून त्या दिवशी तेल त्याने एकट्यानेच टाकलं.

घाटाच्या वरच्या वळणावर चाक जाम झालं. त्याचा हात मोडला. वहिनी एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या. त्या कठड्याच्या दगडावर पडल्या.

वहिनींचं दिवसकार्य झाल्यावर देविदास गळ्यात हात बांधून गॅरेजवर आला. घाटातून गाडी माझ्याकडेच आणली होती, इंजिन मी तेव्हाच उघडलं होतं. पिस्टनचं डोकं वितळलेलं. आणि खाली, जिथे तेल नसतं तर सगळं कोरडंठाक दिसलं असतं, तिथे तेल होतं. छान, पुरेसं. माझी बोटं त्याने चिकट झाली होती.

"काहून जाम झालं गा, मिस्त्री?"

मी बोटं फडक्याला पुसली. म्हणालो, "तेल कमी पडलं असन."

त्याने तो पिस्टन उचलून उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, "तेल शेवंता मोजे. त्या दिवशी म्याच टाकलं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तो अजून दारात होता. तो पायऱ्या उतरेपर्यंत वेळ होता.

त्याने घरी जाऊन स्वतःच पोराला सांगितलं, माझ्या हातून तेल चुकलं. गोपाळ आईवेडा. त्याने बापाशी बोलणं टाकलं. एकाच घरात राहत होते, ताट सून वाढायची. तांड्यावर, आर्णीत, सगळीकडे तेच झालं — देविदासने घाईत तेल टाकलं नाही, बायको गेली. मी ते ऐकत राहिलो. चहा पीत ऐकत राहिलो.

पुढे पुढे तो पेट्रोल पंपावर जाऊन बसायला लागला. येणाऱ्या पोरांना विचारायचा, तेल टाकलं का गा? पोरं हसायची. काका, या गाड्यांत नाही टाकत तेल, तुमचा जमाना गेला. तो मान हलवायचा आणि पुढच्याला विचारायचा. एकदा मी रांगेत होतो. त्याने मला ओळखलं, हसला आणि मलाही विचारलं, "तेल टाकलं का, मिस्त्री?"

मी म्हणालो, हो.

त्यानंतर मी दुसऱ्या पंपावर जायला लागलो.

मागच्या महिन्यात तो गेला. मातीला गेलो होतो. गोपाळ माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, काका, बापाची एक चूक, पण मले माफ करता नाही आली. आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी त्याची पाठ थोपटली. ज्या हाताने तो प्लग परत बसवला, त्याच हाताने.

गोपाळ, हे तुला वाचून दाखवायला मी उद्या तांड्यावर येणार आहे. त्या दिवशी तुझ्या बापाने तेल टाकलं होतं. तुझ्या आईने मोजलं असतं तेवढंच. बरोबर.